जुन्नरच्या बागा : लावणारे आणि राखणारे

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास असलेल्या जुन्नर तालुक्यात पावसाचे दोन मुलूख आहेत. पश्चिमेस नाणेघाटाच्या बाजूला सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही. तेथून पूर्वेकडे यावे तसतसा पाऊस विरळ होत जातो आणि आळे, राजुरी, बेल्हे ही गावे ओलांडून अणे पठारावर पोहोचेपर्यंत आकाशाकडे डोळे लावून बसणारा कोरडवाहू मुलूख सुरू होतो. कल्याण–अहिल्यानगर मार्गावर आळेफाट्याच्या पूर्वेस वसलेले राजुरी हे या दुसऱ्या मुलखातील गाव होय. अशा गावात झाड लावणे ही एका दिवसाची गोष्ट असते. ते जगविणे ही मात्र तीन-चार उन्हाळ्यांची गोष्ट असते.

वृक्षलागवडीचे कार्यक्रम महाराष्ट्राला नवे नाहीत. कन्हैयालाल मुनशी केंद्रीय मंत्री असताना १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा सुरू झाली. तेव्हापासून दरवर्षी जुलै महिन्यात शाळेच्या आवारात, पंचायतीच्या गायरानात आणि रस्त्यांच्या कडेला रोपे लागतात. त्यांतील किती रोपे पुढच्या जुलैपर्यंत टिकतात, हा प्रश्न सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांना चांगलाच परिचयाचा आहे. रोप मेले तर दोष बहुधा पावसाला किंवा शेळ्यांना दिला जातो. परंतु जुन्नर तालुक्याच्या आणि त्याच्याशी निगडित असलेल्या पुणे-मुंबईच्या बागांचा इतिहास पाहिला, तर निराळेच उत्तर मिळते. बाग कोणी लावली यापेक्षा ती लावणारा गेल्यावर कोणाच्या स्वाधीन राहिली, यावर तिचे आयुष्य अवलंबून राहिले आहे. उद्यानसंस्था आणि बागायतदारांचे संघ यांचा इतिहास म्हणूनच गावकारभाऱ्यांच्या दृष्टीने उपयुक्त ठरतो.

मानमोडीच्या डोंगरातील दानपत्र

या इतिहासाचा पहिला पुरावा जुन्नर शहराला लागूनच आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांतून दोनशेहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. सातवाहनकाळात नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे जाणाऱ्या व्यापारामुळे जुन्नर संपन्न झाले होते. येथील ब्राह्मी लेखांतून त्या संपन्नतेबरोबरच तत्कालीन समाजाची घडीही कळून येते. त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, कासारांची श्रेणी असे उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील लोकांचा संघ. ती व्यवसायाचे नियम ठरवी, ठेवी स्वीकारी आणि ठेवीचे उत्पन्न ठरलेल्या कामासाठी नियमाने खर्च करी.

मानमोडीच्या डोंगरातील एका लेखात आडुथुम नावाच्या उपासकाने दिलेल्या दानाची नोंद आहे. हे दान झाडांसाठी आहे. करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न त्यात नेमून दिलेले असून, ही व्यवस्था एका श्रेणीकडे सोपविलेली आहे. निवर्तन हे जमीन मोजण्याचे त्या काळचे माप होते.

सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या या छोट्याशा लेखात तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. कोणती झाडे लावावयाची ते नाव घेऊन सांगितले आहे. त्यांच्या खर्चासाठी कायमचे उत्पन्न तोडून दिले आहे. आणि ते काम व्यक्तीकडे न देता व्यक्तीच्या पश्चात चालू राहणाऱ्या संघाकडे दिले आहे. करंज आणि वड ही निवडही विचारपूर्वक केलेली आहे. दोन्ही झाडे एकदा रुजली की कोरड्या हंगामात तग धरतात आणि दाट सावली देतात. करंजाच्या बियांचे तेल दिव्यालाही चालते. दात्याने केवळ पुण्याचा विचार न करता व्यवहाराचाही विचार केला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दापोडी आणि हिवरे

जुन्नरच्या उद्यान-इतिहासातील दुसरे महत्त्वाचे प्रकरण एकोणिसाव्या शतकातील आहे. पेशवाईच्या अखेरीनंतर मुंबई इलाख्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. सर जॉन माल्कम हे १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीत १८२८ साली पुण्याजवळ दापोडी येथे गव्हर्नरांच्या बंगल्यालगत सरकारी वनस्पतिउद्यान स्थापन करण्यात आले. परदेशी पिके या हवेत येतात काय याची परीक्षा घेणे, उपयुक्त वनस्पतींची रोपे तयार करणे आणि ती जिल्ह्यांत वाटणे, हे या उद्यानाचे काम होते.

१८३८ साली या उद्यानाची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गिब्सन हे कंपनीच्या नोकरीतील शल्यवैद्य होते. देवीची लस टोचण्याच्या कामानिमित्त त्यांनी दख्खन आणि खानदेश पायाखाली घातला होता व येथील भाषा त्यांना अवगत होत्या. दापोडीच्या जोडीला त्यांनी जुन्नर परिसरात हिवरे येथे दुसरी बाग उभी केली. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत ‘हेवरा’ या नावाने जिचा उल्लेख येतो, ती हीच बाग होय.

हिवऱ्याच्या बागेचे प्रयोजन शोभेचे नव्हते. त्या काळी सैन्याच्या दवाखान्यांना लागणारी औषधे विलायतेहून जहाजाने येत. प्रवासास महिने लागत, दमट हवेत औषधांचा गुण उतरे आणि किंमत मात्र पुरेपूर मोजावी लागे. तीच औषधे येथील मातीत पिकविता आली, तर पैसा वाचेल आणि माल ताजा मिळेल, असा विचार त्यामागे होता. खुरासानी ओवा, सोनामुखी यांसारख्या औषधी वनस्पतींची लागवड तेथे करून तयार माल सरकारी औषधभांडारास पुरविण्यात येई. सकाळची थंड हवा, नदीकाठची काळी जमीन आणि विहिरीचे पाणी ही जुन्नरच्या खोऱ्याची अनुकूलता पुढे द्राक्षे आणि भाजीपाला यांच्या शेतीने सिद्ध केली. तिचा शास्त्रीय वापर करण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता.

गिब्सन यांचे काम बागेच्या कुंपणाआड राहिले नाही. १८४७ साली त्यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. कोकणात डोंगर बोडके होत गेले की झरे आटतात आणि गाळाने खाड्या भरतात, हे त्यांनी आपल्या अहवालांतून सरकारच्या निदर्शनास आणले होते. १८४७ ते १८५० या काळात त्यांनी एका भारतीय चित्रकाराकडून दापोडीच्या उद्यानातील वनस्पतींची रंगीत चित्रे काढून घेतली. ही चित्रे आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात आहेत. दुर्दैवाने त्या चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. गिब्सन आणि निकोल डॅलझेल यांनी मिळून लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला.

गिब्सन १८६० साली सेवानिवृत्त झाले आणि त्यांच्या बागांचा आधार सुटला. गव्हर्नरांचे निवासस्थान गणेशखिंडीत हलविण्याचे ठरल्यावर दापोडीचा बंगला व उद्यान १८६५ साली विकण्यात आले. हिवऱ्याची बागही मागे पडली. चित्रे परदेशी सुरक्षित राहिली, ग्रंथ ग्रंथालयांत राहिले. ज्या मातीतून हे ज्ञान उगवले त्या मातीत मात्र बागेचा वारसा उरला नाही. कारण उघड आहे. बाग सरकारची होती, ज्ञान अधिकाऱ्याच्या वहीत होते आणि राबणारे हात रोजंदारीवर होते. भोवतालच्या गावांचा त्या बागेत वाटा नव्हता. म्हणून ती बंद झाली तेव्हा ती आपली म्हणून राखावी असे वाटणारेही कोणी नव्हते.

वर्गणीदारांची उद्याने

याच काळात बागा राखण्याची दुसरी एक पद्धत आकारास येत होती. सरकारी खात्याऐवजी सभासदांनी वर्गणी काढून चालविलेली उद्यानसंस्था, हे तिचे स्वरूप होते. लंडन येथील उद्यानसंस्था १८०४ साली निघाली होती. हिंदुस्थानात अशा संस्थेची मुहूर्तमेढ १८२० साली कलकत्त्यात विल्यम केरी यांनी रोवली. मराठी वाचकांस केरी यांचे नाव अपरिचित नाही. १८०५ साली श्रीरामपूरहून मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे ते हेच. त्यांनी स्थापन केलेल्या कृषि-उद्यान संस्थेची बाग कोलकात्यातील अलिपूर येथे आजही चालू आहे.

त्याच धर्तीवर १८३० साली मुंबईत पश्चिम भारत कृषि-उद्यान संस्था निघाली. १८३५ च्या सुमारास तिला शिवडी येथे बागेसाठी जमीन मिळाली. पुढे संस्थेचे उद्यान भायखळ्यास हलविण्यात आले आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ते जनतेसाठी खुले झाले. आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने आणि लोकांच्या तोंडी राणीची बाग म्हणून जे ओळखले जाते, ते हेच उद्यान. शिवडीची जुनी जागा पुढे दफनभूमीसाठी घेण्यात आली.

मुंबईच्या या संस्थेचा शेवट बोधप्रद आहे. १८७३ साली ती विसर्जित झाली आणि उद्यान महानगरपालिकेच्या ताब्यात गेले. संस्था बुडाली, परंतु बाग बुडाली नाही. बागेचा उपभोग घेणारे शहर तिच्याभोवती उभे होते आणि जबाबदारी उचलणारी दुसरी स्थानिक संस्था अस्तित्वात होती. दापोडी आणि हिवरे यांच्याशी तुलना करता हा फरक लक्षात येतो. एका आश्रयदात्याचा हात सुटला तेव्हा बागेला धरणारा दुसरा हात मुंबईत होता. हिवऱ्यास तो नव्हता.

पश्चिम भारत कृषि-उद्यान संस्था हे नाव पुढे पुण्यात टिकून राहिले. पुणे लष्कर भागातील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळचे सुमारे ३९ एकरांचे एम्प्रेस उद्यान ही संस्था चालविते. पूर्वी सैनिकांची बाग म्हणून ते ओळखले जाई. तेथील पुराणवृक्ष आणि झाडांवरून झाडांवर गेलेल्या गारंबीच्या महाकाय वेली पाहण्यास आजही शाळांच्या सहली येतात. जानेवारी महिन्यात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणारे तेथील पुष्पप्रदर्शन पुण्याच्या सार्वजनिक जीवनाचा भाग बनले आहे. प्रदर्शनात गृहिणींपासून माळीकाम करणाऱ्या कारागिरांपर्यंत आणि शाळकरी मुलांपासून शासकीय खात्यांपर्यंत सर्व भाग घेतात. बाग राखणारी संस्था लोकांना बागेशी बांधून ठेवते, त्याचे हे उदाहरण होय.

दापोडीचा शास्त्रीय वारसा मात्र गणेशखिंडीत गेला. तेथे १८७३ साली नवे वनस्पतिउद्यान स्थापन झाले. विसाव्या शतकात फळांवरील संशोधनाचे केंद्र म्हणून त्याने नाव मिळविले. डॉ. जी. एस. चीमा यांनी तेथे केलेले काम महाराष्ट्राच्या फळबागांचा पाया ठरले. ‘चीमा साहेबी’ हे द्राक्षाचे वाण त्यांच्या नावाने ओळखले गेले. १९३६ साली आळंदी या स्थानिक डाळिंबातून त्यांनी निवडलेले वाण पुढे ‘गणेश’ या नावाने राज्यभर पसरले. गणेशखिंड उद्यान २०२० साली राज्य शासनाने जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. हे उद्यान टिकले, कारण ते कृषी महाविद्यालयाच्या आणि नंतर कृषी विद्यापीठाच्या शिक्षणाशी जोडले गेले. विद्यार्थ्यांची दर वर्षी येणारी नवी तुकडी हाच तेथे बागेचा वारस ठरला.

बागायतदारांचा संघ

वर उल्लेखिलेल्या सर्व संस्था शहरातील होत्या. प्रत्यक्ष मातीत राबणाऱ्या शेतकऱ्यांची उद्यानसंस्था उभी राहण्यास संयुक्त महाराष्ट्राची स्थापना व्हावी लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. पुणे, नाशिक, सांगली व सोलापूर हे त्याचे विभाग असून, जुन्नर तालुक्यातील नारायणगाव परिसर हा पुणे विभागातील द्राक्षशेतीचे एक महत्त्वाचे केंद्र आहे.

संघाची गरज का निर्माण झाली, हे समजण्यासाठी द्राक्षवेलीची प्रकृती पाहावी लागेल. थंड देशांत हिवाळ्यात वेल विश्रांती घेते आणि वर्षातून एकदा छाटणी पुरते. महाराष्ट्रात वेलीस तशी विश्रांती मिळत नाही. ती बारमाही वाढत राहते. म्हणून येथे दोन छाटण्या घ्याव्या लागतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून नव्या काड्या वाढवितात. त्या काड्यांच्या डोळ्यांत घडाची निर्मिती पुढील दीड-दोन महिन्यांत होते. त्या काळात ऊन पुरेसे न मिळाल्यास किंवा पाण्याचे गणित चुकल्यास घड कमी धरतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली म्हणजे ते घड बाहेर येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तयार होतो. याचा अर्थ असा, की एप्रिल-मे महिन्यांत झालेली चूक शेतकऱ्यास दिवाळीनंतर दिसते. तोपर्यंत खर्च होऊन गेलेला असतो.

असे पीक एकट्याने शिकता येत नाही. एका शेतकऱ्याला वर्षातून एकदाच अनुभव मिळतो. शंभर शेतकरी एकत्र बसले तर शंभर अनुभव मिळतात. संघाच्या अधिवेशनांतून, शिवारफेऱ्यांतून आणि चर्चासत्रांतून ही देवाणघेवाण झाली. केवडा आणि भुरी या रोगांसाठी कोणती फवारणी केव्हा घ्यावी, जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड किती वेळा बुडवावेत, खारवट जमिनीत डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केल्यास वेल कशी टिकते, हे ज्ञान पुस्तकापेक्षा बांधावर अधिक पसरले. फवारणीसाठी वापरण्यात येणारे बोर्डो मिश्रण हेही फ्रान्समधील द्राक्ष उत्पादकांच्या शिवारातच १८८० नंतरच्या दशकात सापडले होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

वाणांच्या बाबतीत तर बागायतदारांनी स्वतः संशोधकाची भूमिका बजावली. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या वाणातून ‘तास-ए-गणेश’ ही निवड केली. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांच्या बागेतून ‘सोनाका’ हे लांब मण्यांचे वाण आले. हिवऱ्याच्या बागेत प्रयोग करणारा अधिकारी आणि पाणी घालणारा शेतकरी हे दोन निराळे लोक होते. बागायतदार संघाच्या काळात तो भेद राहिला नाही. प्रयोग करणारा, नोंद ठेवणारा आणि नुकसान सोसणारा माणूस एकच झाला. १९९७ साली पुण्याजवळ मांजरी येथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्याशी बोलू शकणारा संघटित शेतकरीवर्ग आधीच तयार होता.

संघटनेची खरी कसोटी संकटाच्या वेळी लागते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्यावरून युरोपात भारतीय द्राक्षांची अडवणूक झाली आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठा आर्थिक फटका बसला. परदेशी ग्राहकाला गावाचे किंवा बागेचे नाव ठाऊक नसते. तो देशाचे नाव ओळखतो. त्यामुळे काही पेट्यांतील दोषाची शिक्षा सर्वांना भोगावी लागते. अशा धंद्यात शेजाऱ्याची फवारणी हा शेजाऱ्याचा खासगी प्रश्न राहत नाही. निर्यातक्षम बागांची नोंदणी, औषधांच्या वापराची वही आणि माल निघण्यापूर्वी प्रयोगशाळेतील तपासणी यांचे महत्त्व या प्रसंगाने घरोघरी पटले.

गावाच्या पातळीवर काय करता येईल

राजुरीसारख्या गावात प्रत्येक शेतकरी द्राक्षे लावील असे नाही आणि तशी अपेक्षाही नाही. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या शेतीचे रूप पालटले; तरी पूर्व भागातील प्रत्येक बांधापर्यंत पाणी पोहोचत नाही. तेथे आंबा, सीताफळ, चिंच, जांभूळ, करंज, वड अशी कमी पाण्यावर तगणारी झाडे अधिक उपयोगाची आहेत. ती राखण्यासाठी गावपातळीवर उद्यानमंडळासारखी व्यवस्था उभी करता येते आणि तिला आवश्यक तो कायदेशीर आधारही उपलब्ध आहे.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली असे मंडळ नोंदविता येते. विक्रीचा व्यवहार करावयाचा असल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चा मार्ग आहे. याखेरीज जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते. गावातील झाडे, पिकांची स्थानिक वाणे व त्यांविषयीची जाणत्यांची माहिती लोकजैवविविधता नोंदवहीत लिहून ठेवणे, हे या समितीचे प्रमुख कार्य होय. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा भरून कपाटात ठेवली जाते. ती दरवर्षी उघडली गेली, तर उद्यानमंडळाचे निम्मे काम तिच्यातूनच होऊ शकेल.

फळबागांसाठी शासनाचे अर्थसाहाय्यही आहे. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग विकास कार्यक्रम महाराष्ट्राने १९९० साली हाती घेतला आणि त्यातून कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधावर फळझाडे आली. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू झाली. या योजनेत अनुदान तीन वर्षांत विभागून देण्याची आणि पुढील हप्ते जिवंत झाडांच्या प्रमाणाशी जोडण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. मानमोडीच्या दानपत्रामागचे सूत्रच येथे नव्या रूपात दिसते. लागवडीसाठी एकदा पैसा देऊन भागत नाही, राखणीसाठी तो दरवर्षी द्यावा लागतो.

वर वर्णिलेल्या संस्थांच्या अनुभवावरून गावच्या उद्यानमंडळासाठी काही नियम सहज काढता येतात. पहिला नियम नोंदीचा. प्रत्येक झाडाला क्रमांक असावा. लावल्याची तारीख, रोपाचे मूळ ठिकाण आणि पाणी घालणाऱ्याचे नाव वहीत असावे. मेलेल्या झाडाची नोंद खोडून न टाकता मरणाचे कारण तिच्यापुढे लिहावे, कारण पुढील वर्षीचा शहाणपणा त्याच ओळीत असतो. दुसरा नियम उत्पन्नाचा. चिंचेचा किंवा आंब्याचा लिलाव, रोपवाटिकेतील रोपांची विक्री आणि सभासदांची वर्गणी यांतून मंडळाचा किमान पाण्याचा व कुंपणाचा खर्च भागावा. केवळ अनुदानावर उभी राहिलेली बाग अनुदानाबरोबरच संपते.

तिसरा नियम मातृवृक्षांचा. गावात एखादे गोड रसाळ आंब्याचे किंवा भरघोस गराच्या सीताफळाचे झाड असते. त्याची कीर्ती पंचक्रोशीत असते आणि रोप मात्र कोठेही मिळत नाही. मालक वारला, बांध फुटला किंवा रस्ता रुंद झाला की ते झाड जाते. त्याच्यावरील काड्या घेऊन वेळीच कलमे बांधली, तर वाण वाचतो. कोयीपासून केलेले आंब्याचे रोप आईसारखेच निघेल याची खात्री नसते. कलम मात्र मूळ झाडाचे गुण तंतोतंत घेऊन येते. कलम बांधण्याची कला अवगत असलेला एक तरी तरुण गावात असावा आणि त्याने दरवर्षी दोन नवे हात तयार करावेत. कृषी विद्यापीठ व नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र यांचे मार्गदर्शन त्यासाठी घेता येते.

चौथा नियम वारसाचा. गणेशखिंडीचे उद्यान विद्यार्थ्यांमुळे टिकले. गावात ते काम शाळा करू शकते. पाचवीतील मुलाकडे सोपविलेले झाड तो दहावीत जाईपर्यंत पाच-सहा उन्हाळे पाहते आणि त्यानंतर त्याला फारशा देखभालीची गरज उरत नाही. शाळा सोडताना त्याने आपल्या झाडाची वही पाचवीतील नव्या मुलाच्या हाती द्यावी. शिक्षकांची बदली होते, सरपंचांची मुदत संपते, ग्रामसेवक दुसऱ्या गावी जातात. वही आणि तिच्या हस्तांतराची रीत मात्र गावात राहू शकते.

पाचवा नियम सभेचा आहे. वर्षातून एकदा, शक्यतो लागवडीपूर्वी, ग्रामसभेत मागील वर्षाच्या झाडांचा हिशेब वाचून दाखवावा. लावली किती, जगली किती, मेली ती कशाने, एवढे तीनच प्रश्न पुरेत. नवीन खड्डे खणण्यापूर्वी या प्रश्नांची उत्तरे देणे भाग पडले, तर खड्ड्यांची संख्या कदाचित कमी होईल, परंतु झाडांची संख्या वाढेल.

समारोप

मानमोडीच्या लेखातील करंज आणि वड आज उभे नाहीत. इतक्या शतकांनंतर ते असण्याचे कारणही नाही. तरी त्या लेखाने एक व्यवस्था सांगितली आणि ती आजही जशीच्या तशी उपयोगी पडण्याजोगी आहे. हिवऱ्याच्या बागेत त्या काळचे उत्तम ज्ञान होते, सरकारचा पैसा होता आणि एक निष्ठावान अधिकारी होता. तेथे फक्त भोवतालचे लोक नव्हते आणि तेवढ्यानेच ती बाग इतिहासजमा झाली. मुंबईची संस्था मोडली, तरी बागेला शहराने सावरले. पुण्याची संस्था सभासदांनी आणि गणेशखिंड विद्यार्थ्यांनी टिकविली. द्राक्ष बागायतदारांचा संघ तर ज्यांचे पोट बागेवर होते त्यांनीच उभारला.

येत्या पावसाळ्यात राजुरीपासून अण्यापर्यंत आणि नारायणगावापासून घाटमाथ्यापर्यंत पुन्हा रोपे लागतील. त्या दिवशी पहिले रोप कोणाच्या हस्ते लागले याची नोंद होईल, छायाचित्रही निघेल. त्याच दिवशी त्या रोपाला पुढील तीन उन्हाळे पाणी कोण घालणार याचीही नोंद गावाच्या वहीत झाली, तर त्या रोपांपैकी बरीचशी चौथा पावसाळा पाहतील.